जूनमधला बर्फ

इन्सब्रुकजवळ, ऑस्ट्रिया
१४ जानेवारी २०१८

सौ. संगीतावहिनी,

फोनवर काही म्हणजे काही बोलता येत नाही. आई स्पीकर लावून बसते आणि मी "जेवलीस का" विचारलं की शेजारची सोनीबाईच "जेवलो जेवलो" म्हणून उत्तर देते. म्हणून हा कागद. हे पहिलं पान आईला वाचून दाखव. दुसरं फक्त तुझं.

तर आई, ऐक. मला इथे नर्स म्हणून येऊन तीन वर्षं झाली, आता तू यायचंस. नुसतं लेकीचं घर बघायला नाही, सुट्टीला. इथली माणसं अख्खं कुटुंब घेऊन डोंगरावर जातात, पायाला लांब फळ्या बांधतात आणि बर्फावरून घसरत खाली येतात. त्याला स्की म्हणतात. शेंबडी पोरं करतात, काठी टेकणारे आजोबा करतात. आपण तिघी करू. तू, वहिनी आणि मी.

तुम्ही थंडीत निघायच्या नाहीत हे मला ठाऊक आहे, सुकटीचा हंगाम. तेही मी शोधून ठेवलंय. आमच्या गावाच्या वर हिमनदी आहे. नदीच, पण बर्फाची, डोंगरातून हळूहळू खाली सरकते. तिथे जूनमध्येसुद्धा घसरता येतं. जूनमध्ये तिकडे होड्या वर ओढलेल्या, पावसात काही वाळत नाही, तुम्ही रिकाम्या. मग काय अडचण?

माझ्या वृद्धाश्रमात रेझी नावाची आजी आहे. तिचा नवरा तरुणपणी ह्याच हिमनदीच्या फटीत पडला होता. बर्फाने त्याला ठेवून घेतलं आणि किती वर्षांनी खालच्या टोकाला परत दिलं. इथे असं होतं म्हणे. असली गंमत आहे बघ बर्फाची.

(दुसरं पान)

वहिनी, खरं सांगू? मला स्कीचं वेड नाही. मला आईला त्या घरातून बाहेर काढायचंय, चार दिवस का होईना. अजून दादाचं ताट वाढते का गं ती? मी विचारायचं टाळते आणि तू सांगायचं टाळतेस. तुला पण जरा मोकळा वारा लागू दे.

तुझी,
भाविनी


धाकटी डहाणू
२ फेब्रुवारी २०१८

प्रिय भाविनी,

पाकिटावर "सौ." लिहितेस. पोस्टमनने दोनदा वाचून माझ्याकडे बघितलं. असो.

विचारलंस म्हणून सांगते. ताट वाढतात. रोज दुपारी पहिला भात तुझ्या दादाचा, वर कालवण, वर झाकण. संध्याकाळी तेच ताट मी मांजरांना घालते. दाराला कडी नाही, घराला कुलूप नाही. मी माहेरी गेले तर आई घरात, आई विवळवेढ्याच्या जत्रेला गेल्या तर मी घरात. तो आला आणि दार बंद दिसलं तर? आठ वर्षं होतील गं. बुडालेल्या होडीतले बाकी दोघे नारगोळच्या किनाऱ्याला लागले, नविन लागला नाही. आपल्या किनाऱ्यावर असं कुणाच्या घरात झालं नाही? पिठाचं माणूस करतात, आई तोंडात पाणी घालते, नावाने जाळतात, रडतात आणि कामाला लागतात. आपल्याकडे आई पीठच मळू देत नाहीत. माझं लग्न झालं मे महिन्यात, तो गेला ऑक्टोबरात. नवऱ्याशी जितकं बोलले नाही तितकं मी त्या झाकलेल्या ताटाशी बोललेय.

तर तुझी सुट्टी. मी वाचायला लागले तेव्हा आई सुकटीतली बारीक कोलीम निवडत होत्या. फळ्या बांधून घसरायचं ऐकलं तर म्हणाल्या, "तिला सांग, तुझी आई ह्या वयात माकड व्हायची नाही." मी म्हटलं, झालं, संपलं. पण तू ते रेझीबाईचं लिहिलंयस ना? तिथे आले तर आईंचे हात थांबले. म्हणाल्या, "परत वाच." मी वाचलं. "परत दिला म्हणजे? ओळखू आला?" मी म्हटलं, मला काय ठाऊक, मी तिथे होते का? सकाळी चहा घेता घेता म्हणतात, "भाविनीला कळव, मी येईन."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला भीती वाटली.

संगीता


इन्सब्रुकजवळ
२२ फेब्रुवारी २०१८

वहिनी,

अगं देवा! मी काय लिहून बसले! मेलेला परत दिला गं. गंमत म्हणून लिहिलं आणि नेमकं तेवढंच वाक्य राहिलं. आईला नीट समजावून सांग. समुद्र आणि बर्फ एक नाही, डहाणूला बुडालेला माणूस आल्प्समध्ये निघत नाही, हे ती समजते. समजते ना?

तयारीचं लिहिते. पासपोर्ट दोघींचे काढा. व्हिसासाठी मुंबईला जावं लागेल. सोबत कोणी नसलं तरी घाबरू नका. विमानतळावर आईसाठी व्हीलचेअर मागायची, म्हणजे ते लोक हाताला धरून थेट विमानात बसवतात. म्युनिकला मी उभी असेन. स्कीचे बूट, फळ्या, हेल्मेट सगळं इथे भाड्याने मिळतं. आतून घालायला गरम कपडे आणि एकेक जाड स्वेटर मात्र तिकडूनच आणा, इथे फार महाग. सुके बोंबील आणू नका, आईला हे दहा वेळा सांग. एक खोली घेतलीय, तिघींची, खिडकीतून हिमनदी दिसते. माझ्यासोबत काम करणाऱ्या बायका विचारतात, "तुझी आई स्की करणार?" मी म्हणते, "माझी आई लाटेवर उभी राहिलेली बाई आहे, तुमच्या बर्फाचं काय घेऊन बसलात."

भाविनी


धाकटी डहाणू
२९ मार्च २०१८

भाविनी,

सांगितलं. "मेलेला, आई. मेलेलाच परत देतात." तर माझ्यावरच उखडल्या. "मला काय तू खुळी समजतेस? मेलेलाच. पण मिळाला ना तिला? तोंड तरी बघितलं ना?" ह्यावर मी काय बोलू? तूच बोल.

डहाणू रोडला जाऊन स्वेटर घेतले. तुझ्या आईने दोन बायकांचे घेतले आणि एक पुरुषाचा, मोठ्या मापाचा, निळा. दुकानदार गुजरातीत म्हणाला, "काकी, जमाईसाठी?" आई म्हणाल्या, "मुलासाठी." मी बाहेर येऊन रसवंतीवाल्याच्या बाकावर बसले.

व्हिसाला मुंबईला गेलो. काचेमागे एक पोरगी, गोड होती बिचारी. तिने मला विचारलं, "पती?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "आहे." आणि त्याच क्षणी मी म्हटलं, "नाही." ती पोरगी आमच्याकडे बघत राहिली. भाविनी, आठ वर्षांत मी तो शब्द पहिल्यांदा मोठ्याने बोलले, तोही काचेपुढे, परक्या पोरीसमोर. मी माझे कागद परत घेतले. आईंचे दिले, त्यांचं काम होईल.

मी येत नाही. तसंही घराला कुलूप लागणार नाही म्हटल्यावर कुणीतरी थांबायलाच हवं, नाही का? घरी आल्यावर आईंनी ताट वाढलं, आणि त्या दिवशी माझ्या ताटापेक्षा त्यात जास्त मासे होते.

संगीता


इन्सब्रुकजवळ
१६ एप्रिल २०१८

वहिनी,

मला खूप वाईट वाटलं. तिघींची खोली, तिघींचे पास, सगळं ठरवलं होतं. तू कागद परत घेतलेस ते आई बोलली म्हणून की तुलाच यायचं नव्हतं? खरं सांग. मागच्या रविवारी फोनवर सोनीबाई बोलता बोलता म्हणाली, "संगीता आता तळासरीच्या बाजारातून उशिरा येते, टेम्पोतून." आणि लगेच जेवणाचं विचारायला लागली. कुणाचा टेम्पो?

मी काही आई नाही, रागावणार नाही. पण तो माझा दादा आहे. मला सांगून तरी कर जे काय करायचं ते.

भाविनी


धाकटी डहाणू
१९ मे २०१८

भाविनी,

"रागावणार नाही" असं लिहिणारं माणूस रागावलेलंच असतं. ठीक आहे, ऐक.

त्याचं नाव मोतीराम. उधव्याचा. तळासरीच्या बाजाराला आमच्या सुकटीच्या पाट्या त्याच्या टेम्पोतून जातात. बायको वारली, मूल नाही. थोडी भातशेती आहे. फार बोलत नाही, आणि बोलला की विचारल्यासारखं बोलतो, सांगितल्यासारखं नाही. मला म्हणाला, "माझ्या घरी येशील का? लग्न करून." मी म्हटलं, "तुला माहितेय ना मी कोण?" म्हणाला, "सगळ्या बाजाराला माहितेय. तुलाच नाही." एवढा राग आला मला! दोन बाजार मी त्याच्या टेम्पोत बसले नाही.

मग एकदा पाटी पोचवायला त्याच्या घरी गेले होते. पोरी, तिथून समुद्र दिसत नाही. ऐकूसुद्धा येत नाही. मी अंगणात उभी राहिले आणि मला कळेना, कानांना काय झालंय. मग समजलं, नुसती शांतता आहे. मला तिथेच बसून राहावंसं वाटलं.

तू म्हणशील, तो माझा दादा. हो, तुझा दादा. तू परीक्षा दिलीस, जर्मन शिकलीस, विमानात बसलीस. तुला रडायला एक देश मिळाला. माझी परीक्षा कोण घेणार? मला ना कुंकू पुसता येत ना मिरवता येत. आई मेल्या तर लोक म्हणतील, बिचारी एकटी राहिली. आणि आई जगल्या तर मी आहेच ताट वाढायला.

पळून जायचं असतं तर केव्हाच गेले असते, कडी तर नाहीच दाराला. पण मला पळायचं नाही. आईंनी एकदा म्हणायला पाहिजे, तो गेला. त्यांनी पाणी घातल्याशिवाय तो मेला नाही, आणि तो मेला नाही तर मी कुणाची बायको होऊन मोतीरामच्या घरात शिरू? मी शिकलेली असते तर असं म्हटलं नसतं कदाचित. मी अशीच आहे.

म्हणून तुझ्याकडे मागते. आई तिकडे असतील. माझ्यापासून लांब, ह्या घरापासून लांब. तू त्यांची लेक आहेस. त्यांच्या तोंडून तेवढा एक शब्द काढ. फळ्यांवरून घसरव, बर्फ खाऊ घाल, काय वाटेल ते कर.

संगीता

ता. क. निळा स्वेटर मी बॅगेतून दोनदा काढून ठेवला. दोनदा परत आत गेलाय.


धाकटी डहाणू
१७ जून २०१८

भाविनी,

आई सुखरूप पोचल्या, तुझ्या फोनवर त्यांचं हसणं ऐकलं. मी आजवर त्यांना असं हसताना ऐकलंच नव्हतं.

इथलं लिहू का नको करत होते. लिहिते, कारण दुसरं कोण आहे?

निघताना आईंनी एकच सांगितलं, ताट चुकवू नकोस. पहिले दोन दिवस वाढलं. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, बास. माझ्यापुरता भात केला, एकटीने जेवले, छान वाटलं. बाहेर धो धो पाऊस. जेवून हात धुवत होते तर मागच्या पडवीत कपडे पिळल्याचा आवाज. तुझा दादा समुद्रावरून आला की पडवीतच कपडे पिळायचा ना, तसा. एक पीळ, मग झटकणं. मी गेले. कोणी नाही. जमिनीवर पाणी होतं. पडवी गळते, मलाही माहितेय. मांजरं फिरतात, तेही माहितेय. पण भाविनी, मांजराच्या अंगाला डिझेलचा वास येतो का?

मी भात परत चुलीवर ठेवला आणि ताट वाढलं. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून रोज वाढते. आईंपेक्षा नीट वाढते, माशातले काटेसुद्धा काढते.

काल मोतीराम आला. आई नाहीत हे कळूनच आला, पण दारात उभा राहिला, पावसात. दार सताड उघडं तरी आत पाऊल टाकेना. म्हणाला, "घरात कोण आहे?" मी म्हटलं, "कोण असणार? कोणी नाही." तो माझ्या मागे बघत होता. "मग दुसरं ताट कुणाचं?"

तो तसाच भिजत उभा होता. मग म्हणाला, "मला वाटत होतं तुझी सासू सोडत नाही." मग म्हणाला, "मी दर बाजारच्या दिवशी नाक्यावर टेम्पो थांबवीन. हॉर्न वाजवणार नाही. तू एकटी येत असशील तर ये. दोघांना मी नेणार नाही."

त्याला काय दिसलं असेल गं माझ्या मागे? मी विचारलं नाही. तू आईंशी बोललीस का? लवकर बोल. मला वाटतं, मी हळूहळू आई होत चाललेय.

संगीता


इन्सब्रुकजवळ
१९ जून २०१८

संगीता,

हे भाविनी लिहितेय पण बोलतेय मी, तुझी सासू. तिला सांगितलंय, मी बोलेन तसं लिही, शहाणपणा घालू नकोस. फोनवर सांग म्हणत होती. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. कागद हातात राहतो.

बर्फ बघितला. मिठागरासारखा दिसतो लांबून. पायाला त्या फळ्या बांधल्या मला, बूट तर असे की पाय कुणाचा तेच कळेना. शिकवणारा पोरगा हात धरायला आला, मी म्हटलं, हो बाजूला. होडीत उभं राहतात तशी उभी राहिले, पाय फाकवून, गुडघे सैल सोडून. पोरांची छोटी उतरण होती, सरळ खाली गेले. पडले नाही. भाविनी मात्र दोनदा आपटली. सगळे टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, नविनला सांगितलं तर विश्वास ठेवायचा नाही.

त्या रेझीला भेटले. त्यासाठीच तर आले होते, तुला काय माहीत नव्हतं? भाविनी मध्ये बसली, तिचं मला आणि माझं तिला सांगायला. मी विचारलं, नवरा मिळाला तेव्हा कसा होता? ती म्हणाली, गेला तसाच. गालावर एक सुरकुती नाही. दाढी कोवळी. आणि मी समोर उभी, माझे दात पडलेले. लोक म्हणाले, आजी, हा तुमचा नातू का? ती मला नावाने म्हणाली, पुतळी, मी इतकी वर्षं वाट बघितली, आणि तो आला तेव्हा मी त्याची कोणी उरले नव्हते. त्याने मला ओळखलं नसतं. मला त्याच्यापुढे लाज वाटली. माझं सगळं आयुष्य त्या पोरापायी गेलं.

मी तिथून उठले. खोलीवर येऊन झोपले. पण मला नविन दिसेना, तूच दिसायला लागलीस. केस पांढरे झालेली, दारात बसलेली, ताट झाकून. त्यात मी तर मेलेली होते. तरी तू वाढतच होतीस.

दुसऱ्या दिवशी तिथे पोरं बर्फाचं माणूस करत होती, खेळायला. मी बाजूला बसून एक केलं. भाविनी म्हणाली, आई, काय करतेस? मी म्हटलं, पीठ नाही इथे. त्याला निळा स्वेटर घातला. तोंडात पाणी घातलं माझ्या हाताने. नाव घेतलं. जा म्हटलं. जळत नाही ते, पण ऊन चांगलं होतं. संध्याकाळपर्यंत नुसता स्वेटर राहिला जमिनीवर. भाविनी खूप रडली. मी नाही रडले, मी बघत होते.

तर तू आता मोकळी. मी मोकळी केली. तो टेम्पोवाला चांगला आहे असं सोनीबाई म्हणते. मला मेलीला सगळं माहीत असतं.

पण एक ऐक. मी दोन तारखेला घरी येते. त्याच्या आधी जा. माझी वाट बघू नकोस, पाया पडायला थांबू नकोस. मी आले आणि तू घरात दिसलीस तर मी तुला सोडायची नाही. मला माझी ओळख आहे. इथे बोलतेय ते तिथे बोलेन असं नाही. तेव्हा तू माझं हे ऐक, तिथलं ऐकू नकोस.

पुतळी

(वहिनी, आईला वाचून दाखवलं, तिने अंगठा नको म्हणून स्वतः नाव लिहिलं, मी दाखवलं तसं बघून. पोस्टात म्हणाले आठवड्यात पोचेल. जा तू. माझाही राग नाही आता, खरंच. भा.)


उधवा
१५ जुलै २०१८

प्रिय भाविनी,

पत्ता बघून तुला कळलंच असेल. पण कसं ते ऐक, नाहीतर तू म्हणशील सगळं छान झालं.

तुमचं पत्र आठवड्यात पोचलं नाही. आई आधी आल्या. मी नेहमीसारखी दारात, आत दोन ताटं. त्यांनी मला बघितलं, मग ताटाकडे बघितलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, प्रवासात काही दुखलं. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाल्या, "काही नाही. थांबलीस होय." मला काय माहीत त्या काय विचारतायत! मी म्हटलं, "जाणार कुठे?" भाविनी, मी असं म्हटलं. त्या बसल्या, आणि दुसऱ्या दिवशी ताट त्यांनीच वाढलं.

पत्र त्यानंतर आठवड्याने आलं. पोस्टमन आला तेव्हा आई लसूण सोलत होत्या. तुझं अक्षर बघून मी नेहमीसारखी मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या ओळीत कळलं, पण थांबता येईना. आईही थांब म्हणाल्या नाहीत. सगळं वाचलं, शेवटच्या नावापर्यंत. मग त्या म्हणाल्या, "हे मी बोलले?"

"हो, आई."

"तिथे समुद्राचा आवाज नव्हता. सोपं होतं तिथे." आणि त्यांनी माझं मनगट धरलं. त्या हाताला किती जोर आहे गं! "नको जाऊ. ताट कोण वाढणार मी गेल्यावर? तो येऊन परत जाईल."

मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलंय, तिथलं ऐक, इथलं ऐकू नकोस."

"ती बाई तिकडेच राहिली. घरात मी आहे."

तेव्हा मी रडले. इतकी वर्षं जे रडायचं राहिलं होतं तेसुद्धा त्यात रडून घेतलं. त्यांनीही हात सोडला नाही आणि मीही ओढला नाही. मग मीच म्हटलं, "आई, मी जाते. तुमच्यातली जी मला जा म्हणाली, तिच्या शब्दावर जाते." त्यांची बोटं मी एकेक करून सोडवली. तेवढं क्रूर काम मी आयुष्यात केलं नव्हतं. त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. सोनीबाईला सांगून आलेय, सकाळ-संध्याकाळ जाईल त्यांच्याकडे. मीही बाजारच्या दिवशी जाईन, त्या आत घेवोत न घेवोत.

त्या दिवशी बाजार होता. टेम्पो नाक्यावर उभा. पाऊस थांबला होता, भर दुपार, सगळा रस्ता रिकामा. मी पिशवी घेऊन निघाले. मच्छीमार्केटच्या वळणावर आले आणि मागून हाक आली.

"संगे."

आईंचा आवाज नव्हता तो. आई मला कधी संगे म्हणाल्या नाहीत. जगात एकच माणूस म्हणायचा, तेही पाच महिने, तेही कुणी ऐकत नसताना. मी तुलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. हाक घाबरवणारी नव्हती गं. थकून घरी आलेला माणूस दारातून मारतो ना, तशी होती. पाणी दे म्हणण्याआधीची.

आठ वर्षं मी त्या एका हाकेसाठी दार उघडं ठेवून बसले होते, भाविनी. ती आली, आणि मी मागे वळून बघितलं नाही. मी टेम्पोत चढले आणि मोतीरामला म्हटलं, चल.

संगीता